गरुडाची ती गोष्ट आपणच पुढे पाठवली होती



परिवारातल्या सगळ्या ताई-दादांना, काका-काकूंना आणि मोबाईलवर हे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या नातवंडांना खैरलांजीहून आम्हा सेवेतल्या बायकांचा नमस्कार. (खैरलांजी म्हणजे आमची बालाघाट जिल्ह्यातली. बाहेरगावचे लोक दरवेळी भंडाऱ्याची समजतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

या गुरुवारचा अभ्यास गरुडावर आहे. काही जण म्हणतील, गरुड तर मागच्या वर्षी झाला. हो, झाला. तेव्हा जो झाला त्याचीच दुरुस्ती करायची आहे. म्हणून हा अभ्यास जरा लांबला तरी पूर्ण वाचावा आणि ज्या ज्या ग्रुपवर मागची गोष्ट पाठवली होती, त्या प्रत्येक ग्रुपवर हाही पाठवावा, ही विनंती.

मागची गोष्ट आठवते ना? गरुड सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर एकटा जाऊन बसतो, खडकावर चोच आपटून आपटून तोडून टाकतो, नवी चोच येईपर्यंत वाट पाहतो, त्या चोचीने जुनी नखं उपटतो, मग पिसं उपटतो. दीडशे दिवसांनी नवा होऊन उडतो आणि आणखी तीस वर्षं जगतो. आमच्याकडे हा मेसेज हिंदीत आला होता, त्यात ‘बाज’ होता. आम्ही मराठी करताना बाजाचा गरुड केला, कारण गरुड म्हटलं की श्रीविष्णूंचं वाहन डोळ्यासमोर येतं आणि वाचणाऱ्याचा हात आपोआप जोडला जातो. सोबतच्या चित्रात पांढऱ्या डोक्याचा पक्षी होता. तो तर उत्तर अमेरिकेतला, आपल्या देशात तो राहतच नाही. म्हणजे गोष्ट एकाची, नाव दुसऱ्याचं, फोटो तिसऱ्याचा. आम्हाला त्या वेळी यातलं काहीच खटकलं नाही. वाचन झालं, डोळ्यांत पाणी आलं, बारा ग्रुपवर गेलं.

वाचनाला आमच्या एक मावशी होत्या. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत. वय एकसष्ट, साखर आणि बीपी दोन्ही, रोजच्या गोळ्या ठरलेल्या. गोष्ट त्यांच्या मनात फार खोल गेली. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं, गरुड पाच महिने बसतो, मी चाळीस दिवस तरी बसते, जुनं सगळं उपटून टाकते. गोळ्यांचा डबा पेटीत ठेवला. एक वेळ उपवासाचं खायचं, म्हणजे साबुदाणा, बटाटे आणि गोड चहा. मागच्या खोलीत जप. सुनेला वाटलं, सासूबाईंचं साधन आहे, आपण कोण बोलणारे. मुलगा कामाला बाहेरगावी. नवव्या दिवशी दुपारी हाक मारली तर ओ नाही. दवाखान्यात बोटाला टोचून पाहिलं तर साखर इतकी की मशीनवर आकडाच येईना. पाच दिवस तिथे राहावं लागलं.

आम्ही तिघी भेटायला गेलो. वाटेत ठरवलं होतं की धीराचं काहीतरी बोलायचं. मावशींनी आम्हाला बोलूच दिलं नाही. सलाईन लावलेल्या हातानेच खूण करून जवळ बसवलं आणि विचारलं, “बाई, पाच महिने चोच नाही, तर तो खात काय होता?”

आमच्यातल्या एकीने, म्हणजे हे लिहिणारीने, कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेलं. तरी हा प्रश्न सुचला नव्हता. सुचला तो नऊ दिवस उपाशी राहिलेल्या बाईला.

तर उत्तर असं आहे की असा गरुड जगात कुठेच नाही. चोच म्हणजे आतून हाड आणि वरून आपल्या नखासारखं कठीण आवरण. ते आवरण जन्मभर वाढत राहतं आणि वापराने झिजत राहतं. खाऊन झाल्यावर गरुड फांदीवर, दगडावर चोच घासून साफ करतो. चोच आपटण्याची गोष्ट कोणीतरी हे पाहूनच रचली असेल, असा आमचा आपला अंदाज. पण चोच मुळापासून तुटली तर ती परत येत नाही. मांस फाडता येत नाही, आणि पक्षी थोड्याच दिवसांत उपासमारीने मरतो. नखांचंही तेच. सत्तर वर्षांचं म्हणाल तर, युरोपात पायात कडं घालून सोडलेला एक सोनेरी गरुड बत्तीस वर्षं जगल्याची नोंद आहे आणि ती फार मोठी मानतात. पिंजऱ्यात सांभाळलेले काही चाळिशी ओलांडतात. रानातल्या गरुडाला चाळिशीचं संकट येतच नाही, कारण तो चाळिशीपर्यंत पोचतच नाही.

आता पिसं. इथे मात्र खरी हकीकत त्या मेसेजपेक्षा कितीतरी सरस निघाली, आणि ती कळल्यावर आम्ही तिघी बराच वेळ गप्प होतो. गरुडाची पिसं खरंच बदलतात. पण तो एकदम उपटत नाही. एक पीस गळतं, त्या जागी नवं फुटतं, ते पुरेसं वाढलं की पुढचं गळतं. दोन्ही पंखांत साधारण तोल राखून. सोनेरी गरुडासारख्या मोठ्या पक्ष्याला पंखांची सगळी पिसं बदलायला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. आणि या सगळ्या काळात तो उडत असतो, शिकार करत असतो, पिल्लांना भरवत असतो. एक दिवसही रजा नाही. म्हणून त्याच्या पंखात कधीही पाहा, काही पिसं जुनी फिकट आणि काही नवी गडद दिसतात. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या घरासारखं. यंदा एक खोली सारवायची, पुढल्या वर्षी दुसरी. चूल काही बंद ठेवता येत नाही.”

सोनेरी गरुड हे नाव वर आलंच आहे, तर त्याच्याबद्दल थोडं. ‘गरुड’ म्हणून जगभर ज्याचं नाव घेतात तो मुख्यतः हाच. शास्त्रीय नाव अक्विला क्रायसेटॉस, 1758 मध्ये लिनियसने नोंदवलेलं. सोनेरी म्हणजे अंगभर सोनं नव्हे. सगळा गडद तपकिरी, फक्त मानेच्या मागची पिसं ऊन पडलं की पिवळसर चमकतात. पंख पसरले की सहा ते साडेसात फूट, आणि वजन मात्र साधारण तीन ते साडेसहा किलो. एवढा मोठा पक्षी आणि वजन एवढंसंच! मादी नरापेक्षा चांगली मोठी. मंगोलियाच्या पश्चिमेला कझाक लोक गरुड पाळून कोल्ह्याची शिकार करतात, ते मादीच निवडतात, आणि काही वर्षं काम घेतल्यावर तिला पुन्हा डोंगरात सोडून द्यायची त्यांची जुनी रीत आहे. भगिनी मंडळाने हे वाक्य दोनदा वाचलं तरी आमची हरकत नाही.

आपल्या देशात हा हिमालयात राहतो, काश्मीर-लडाखपासून अरुणाचलपर्यंत. वैनगंगेच्या खोऱ्यात तो नाही, कधी येतही नाही. बद्री-केदारला जाणाऱ्यांनी कड्यांच्या वर नजर ठेवावी, नशीब असेल तर दिसेल.

त्याच्यात एवढं मन ओढून घेणारं काय आहे, याचा आम्ही विचार केला. एक म्हणजे नजर. त्याचा डोळा जवळजवळ आपल्या डोळ्याएवढा, इतक्याशा डोक्यात! आपल्या डोळ्यात सगळ्यात स्पष्ट दिसण्याची जागा एकच असते, त्याच्या प्रत्येक डोळ्यात दोन. डोंगराच्या एका टोकावरून त्याला पलीकडचा ससा दिसतो. आणि ती रागीट मुद्रा आहे ना, जिला पाहून आपण ‘काय तेज आहे’ म्हणतो, तो राग नाही. डोळ्यावर हाडाचं छज्जा पुढे आलेलं असतं, उन्हापासून आणि फांद्यांपासून सांभाळायला. छज्जाखालून पाहणारा कोणीही रागीटच दिसेल. दुसरं म्हणजे झेप. पंख मिटून खाली येताना ताशी 240 किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेग. पण बहुतेक झेपा वाया जातात. ससा निसटतो. गरुड रिकाम्या पायाने उठतो, पुन्हा चढतो. पोस्टरवर ही रिकामी झेप कोणी छापत नाही.

आणि सगळंच गोड सांगायचं तर पुन्हा मागच्या वर्षीसारखं होईल, म्हणून हेही सांगतो. मादी बहुधा दोन अंडी घालते, बेचाळीस-पंचेचाळीस दिवस उबवते. आधी निघालेलं पिल्लू मोठं असतं, आणि पुष्कळदा ते धाकट्याला टोचून टोचून मारून टाकतं. आई तिथेच असते, मध्ये पडत नाही. आमच्यातल्या एकीने हे ऐकून कानावर हात ठेवले. पक्ष्याला पाप-पुण्य नसतं, हे खरंच. पण मग ‘गरुडासारखे व्हा’ असं सरसकट मुलांना सांगताना आपण कुठला गरुड सांगतो, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. तो दुसरा मेसेजही असाच. गरुडीण घरट्यात काटे घालते, पिल्लाला उंचावरून ढकलते, पडताना झेलते. असं ती करत नाही. उलट घरट्यात ताज्या हिरव्या डहाळ्या आणून टाकत राहते. पिल्लू दहा आठवड्यांच्या आसपास स्वतःच्या पंखांनी निघतं, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस आई-बाप त्याला भरवतात. मुलाला ‘मजबूत करायचं’ म्हणून रागवण्यासाठी आपण हा मेसेज वापरला असेल तर तोही मागे घ्यावा.

मग कोणी म्हणेल, शास्त्रातला गरुड? तो आपल्या जागी आहेच, आणि त्याला खोट्या मेसेजची गरज नाही. महाभारताच्या आदिपर्वात गरुडाची आई विनता पैजेत हरून कद्रूची दासी झाली. आईला सोडवायचं तर सर्पांना अमृत आणून द्यायचं. गरुडाने देवांशी झुंज देऊन अमृत आणलं. चोचीत नाही, हातातच म्हणा, पण वाटभर त्याने एक थेंब चाखला नाही. त्यावरच भगवान प्रसन्न झाले आणि तो त्यांच्या ध्वजावर बसला. गीतेच्या दहाव्या अध्यायात पक्ष्यांमध्ये मी वैनतेय, असं भगवंत म्हणतात, ते त्याच्या आईच्या नावाने. आणि आपल्याच मध्य प्रदेशात, विदिशाजवळ बेसनगरला, दोन हजार वर्षांपेक्षा जुना गरुडध्वज आहे. हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारलेला दगडी खांब. वरचा गरुड आता राहिलेला नाही, खांबावरचा लेख राहिला आहे. सहल काढण्यासारखी जागा आहे, सांची तिथून अगदी जवळ.

शिकारी पक्ष्याकडून काय शिकायचं हे तर भागवतात आधीच सांगून ठेवलेलं निघालं. अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. परंपरा त्यांना श्रीदत्तात्रेय मानते. त्या चोविसांत एक कुरर आहे. आपल्या मराठी यादीत पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी ‘टिटवी’ लिहितात, आम्हीही लहानपणापासून टिटवीच पाठ केली. पण टिटवी तर किडे-मकोडे वेचते आणि रात्री ओरडते, तिच्या तोंडी मांसाचा तुकडा कुठून येणार? कुरर म्हणजे मासे धरणारा शिकारी पक्षी, इंग्रजीत ज्याला ऑस्प्रे म्हणतात तो किंवा त्याच्या जवळचा, असं जाणकार मानतात. गोष्ट अशी. कुररच्या पायात मांसाचा तुकडा होता. ज्यांना काही मिळालं नव्हतं असे दांडगे पक्षी त्याच्या मागे लागले, टोचू लागले. त्याने तुकडा सोडून दिला. सगळे तुकड्यामागे गेले, हा मोकळा झाला.

पाहा, यात काही खोटं नाही. तलावावर हे आजही घडतं. मासा घेऊन निघालेल्या पक्ष्यामागे घारी लागतात आणि त्याला मासा टाकायला लावतात. ज्याने हे लिहिलं त्याने आधी पाण्याकाठी बसून पाहिलं असलं पाहिजे. नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत विस्तार केला तो काशीत 1573 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे साडेचारशे वर्षं आपल्या घराघरात हा पक्षी आहे, आणि आपण फॉरवर्डमधल्या बाजाच्या मागे गेलो. मावशींनी काय सोडायला हवं होतं? गोळ्या नक्कीच नाही. त्या स्वतः म्हणाल्या, आपलं साधन दुसऱ्यापेक्षा मोठं दिसावं ही हाव होती, तो तुकडा पायात धरून बसले होते. आम्ही म्हटलं, मावशी, तोच तुकडा आमच्याही पायात होता. सर्वांत आधी, सर्वांत जास्त ग्रुपवर पाठवायची हाव.

आता आपल्या डोक्यावरचे पक्षी. सोनेरी गरुड नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. कान्हा-पेंचच्या जंगलात सर्पगरुड आहे, डोक्यावर काळा-पांढरा तुरा, डोळ्याजवळ पिवळं, साप खाणारा. मोरघार आहे. बोडीवर, तलावावर लालसर अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार येते, पुष्कळ ठिकाणी तिलाच गरुड समजून नमस्कार करतात. शिक्रा आपल्या आंब्यावर बसून चिमण्यांना पळवतो. आणि धानाच्या बांधीवर तारेवर बसलेली ती पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, ती कापशी. मध्येच उठते आणि हवेत एकाच जागी पंख फडफडत थांबते, जणू वरून कोणी दोरीने धरली आहे. खाली उंदीर असतो.

इथे थोडं कामाचं बोलायचं. आपण बांधीत, कोठारात उंदरांचं औषध टाकतो. ब्रोमाडायोलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. कापशीला, घुबडाला तोच सोपा सापडतो आणि विष तिच्या पोटात जातं. मग उंदीर खाणारंच कोणी उरत नाही. औषध टाकावंच लागलं तर मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. आणि बांधीत, धुऱ्यावर ‘टी’च्या आकाराच्या काठ्या रोवाव्या. कृषी विभागवाले त्यांना पक्षीथांबे म्हणतात, हरभऱ्यातल्या अळीसाठी सांगतात, पण कापशीही त्यावर हक्काने बसते. खर्च बांबूच्या एका काठीचा.

गुरांचंही तसंच. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी ते बंद केलं, आणि 2023 मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही. राजस्थानात बिकानेरला मेलेली जनावरं टाकायच्या जागेजवळ दोन गरुडही तसेच मेलेले सापडले होते. तेव्हा गाई-बैलाला सूज, ताप असेल तर डॉक्टरांना मेलोक्सिकॅम द्यायला सांगावं, माणसांच्या दुकानातलं इंजेक्शन आणून टोचू नये. जटायूची आरती करणाऱ्या घरांत तरी एवढं व्हावं.

सेवेतल्या बायकांनी आता एक ठरवलं आहे. वाचनात कुठलीही प्राण्या-पक्ष्यांची गोष्ट, औषधाची गोष्ट आली तर आधी तिघींनी स्वतंत्र पाहायची. शंका राहिली तर वाचायची नाही. आणि गोळ्या, उपवास, साधन यांचा संबंध आला की आजारी माणसाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, हे वाचनाच्या सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं. मागच्या वर्षीचा मेसेज आमच्या बारा ग्रुपवरून पुढे किती ठिकाणी गेला, ते आता मोजता येत नाही. पुढच्या गुरुवारी अकराव्या स्कंधाचा नववा अध्याय घेऊ, त्याची सुरुवातच कुररपासून आहे. मुलांनी येताना आपापल्या बांधीवर, छतावर, तारेवर दिसलेला एक पक्षी सांगायचा आहे. नाव माहीत नसलं तरी चालेल, रंग आणि तो काय करत होता ते सांगावं.

मावशींच्या घरामागच्या बांधीत त्यांच्या मुलाने सुट्टीत येऊन पक्षीथांबा रोवला आहे. सकाळची गोळी घेतली की त्या ओसरीवर चहा घेऊन बसतात. चहा आता बिनसाखरेचा. परवा आठ वाजता त्यांचा फोन आला. आम्ही घाबरूनच उचलला.

“बाई, आली ती. चारदा झेपावली. चारदाही सुटला उंदीर,” मावशी म्हणाल्या. “थांब, फोन ठेवू नको, पाचव्यांदा वर चढतीये.”